आवडतं रेकॉर्ड-कव्हर घेऊन या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा वाजता पुण्यात एरंडवण्याला आमच्या घरी पंधरा-वीस माणसं जमतात. प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक कव्हर आणायचं आणि ते का आवडतं ते सांगायचं. मग त्यातलं एखादं गाणं किंवा एखादी बंदिश लावायची. नव्याने येणारे फोनवर जे विचारतात ते आता मला पाठ झालं आहे, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

कव्हरबद्दल बोलायचं म्हणजे काय बोलायचं? गाणं महत्त्वाचं, खोका नाही ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मला तो आवडतो, कारण याच प्रश्नापायी आमच्या बैठका सुरू झाल्या.

एल.पी.ची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. तेवढा वेळ माणूस रेकॉर्ड प्लेअरसमोर बसून असायचा. कान कामात, हात मोकळे, डोळेही मोकळे. हातात असायचं ते कव्हर. बाजू संपेपर्यंत ते उलटसुलट करून बघणं, मागचा मजकूर वाचणं, फोटोतल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची नक्षी न्याहाळणं हे आपोआप व्हायचं. असं पन्नास-शंभर वेळा झालं की ते चित्र आणि ते सूर एकमेकांत इतके मुरतात की नंतर वेगळे काढता येत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी म्हणतात, भूप म्हटलं की त्यांना फिकट केशरी रंग दिसतो. त्यांच्या वडिलांकडच्या रेकॉर्डचं कव्हर त्या रंगाचं होतं.

म्हणून 'का आवडतं' याचं उत्तर बहुतेक वेळा चित्रकलेत सापडत नाही. ते कव्हर कुठे, कुणाच्या शेजारी बसून, किती वेळ हातात होतं, यात सापडतं. चित्र चांगलं असेल तर तो वेळ सोसतं, शंभराव्यांदा बघतानाही त्यात काहीतरी उरतं. माझ्या मते चांगल्या कव्हरची कसोटी एवढीच.

आधी कव्हरं नव्हतीच का?

होती, पण चित्र नसायचं. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जाड खाकी कागदाच्या पिशवीत मिळायच्या. पिशवीला मधे गोल भोक, त्यातून तबकडीवरचं लेबल वाचायचं. त्यामुळे त्या काळात लोकांच्या मनावर कोरलं गेलं ते लेबलच, म्हणजे कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा कुत्रा. त्याचं नाव निपर, आणि ते चित्र फ्रान्सिस बॅरॉ या इंग्रज चित्रकाराचं.

१० इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. मोठी रचना चार-पाच तबकड्यांवर पसरायची आणि त्या तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या बांधलेल्या जाड वहीत घालून विकायच्या. 'अल्बम' हा शब्द तिथून आला. या वह्यांची पुठ्ठ्याची पाठ कोरी किंवा फार तर सोनेरी अक्षरं छापलेली असे. १९४० मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीतल्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तेवीस वर्षांच्या तरुणाने सुचवलं की यावर चित्र छापू या. १९४८ मध्ये त्याच कंपनीने १२ इंची एल.पी. आणली आणि चित्रकारांना सव्वाबारा इंचांचा चौकोन मिळाला.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांसाठी दिवाळी अंक विकत घेणारी घरं आपल्याकडे होती. अंक रद्दीत गेला तरी मुखपृष्ठ कापून ठेवलेलं असायचं.

सगळ्यात जास्त वेळा कुठलं कव्हर येतं?

पिंक फ्लॉइडचं 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) आणि बीटल्सचं 'ॲबी रोड' (१९६९). फर्ग्युसन रस्त्यावरच्या टी-शर्टांवर पहिल्या कव्हरवरचा त्रिकोणी लोलक इतक्या वेळा दिसतो की रेकॉर्ड कधी न ऐकलेली मुलंही तो ओळखतात.

लोलकाबद्दल एक गंमत आमच्याकडे आलेल्या शाळकरी मुलीने दाखवली. तिने बोटाने रंग मोजले आणि म्हणाली, 'तानापिहिनिपाजा'मधला 'पा' कुठे आहे? खरंच नाही. हिप्नोसिस या लंडनच्या मंडळींनी केलेल्या त्या चित्रात सहाच पट्टे आहेत, पारवा गाळला आहे. कव्हर उघडलं की रंगांचा पट्टा आतल्या दोन्ही पानांवरून पुढे जातो आणि त्यातली हिरवी रेघ हृदयाच्या ठोक्यासारखी वरखाली होते. रेकॉर्ड सुरू होते तीही ठोक्यानेच आणि संपते तीही. मागच्या बाजूला उलटा लोलक आहे, त्यामुळे दोन-चार कव्हरं उघडून शेजारी मांडली तर किरण एकातून दुसऱ्यात जात राहतो. आम्ही एकदा तीन प्रती जमिनीवर मांडून हे करून पाहिलं. घरभर टाळ्या पडल्या.

'ॲबी रोड'चं सौंदर्य वेगळं. त्या अल्बमचं नाव आधी 'एव्हरेस्ट' ठेवायचं घाटत होतं. हिमालयात जाऊन फोटो काढायची भाषा झाली, पण एवढं कोण जाणार म्हणून चौघं स्टुडिओच्या दारातून बाहेर आले आणि समोरचा रस्ता ओलांडला. ८ ऑगस्ट १९६९ची सकाळ. छायाचित्रकार इयन मॅकमिलन शिडीवर चढला, पोलिसाने रहदारी थोपवली, सहा फोटो निघाले आणि त्यातला पाचवा छापला. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. मला त्यातलं हे फार भावतं की जगातल्या सर्वांत ओळखीच्या छायाचित्रांपैकी एक म्हणजे कामावरून निघालेल्या माणसांचा साधा रस्ता ओलांडतानाचा क्षण आहे.

पुण्याशी नातं सांगणारं परदेशी कव्हर आहे का?

आहे, आणि माझं स्वतःचं सर्वांत लाडकं तेच.

जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा 'अननोन प्लेझर्स' १९७९ मध्ये आला. काळ्याभोर कव्हरच्या मधोमध पांढऱ्या बारीक रेघा, एकाखाली एक, मधे उंचावलेल्या, जणू सह्याद्रीच्या रांगा. नाव नाही, गाव नाही. बरेच जण त्याला डोंगर समजतात, कुणी ध्वनिलहरी म्हणतात. प्रत्यक्षात तो एका ताऱ्याचा आलेख आहे. १९६७ मध्ये केंब्रिजला जॉसलिन बेल या विद्यार्थिनीला सापडलेला पहिला स्पंदक तारा, म्हणजे पल्सार. तो साधारण १.३४ सेकंदांनी एक रेडिओ स्पंद पाठवतो. हॅरोल्ड क्राफ्ट या अमेरिकी संशोधकाने लागोपाठचे ८० स्पंद एकाखाली एक मांडून आपल्या प्रबंधात आलेख दिला. पुढे तो खगोलशास्त्राच्या एका कोशात छापला गेला, तिथे बँडमधल्या एकाच्या नजरेस पडला आणि पीटर सॅव्हिल या रचनाकाराने काळ्यावर पांढरा करून तो कव्हरवर घेतला. ८० गुणिले १.३४ करून बघा. त्या कव्हरवर आकाशातली पावणेदोन मिनिटं आहेत, एका गाण्याहूनही कमी.

आता पुण्याचं नातं. नारायणगावजवळ खोडदला आपली जी.एम.आर.टी. ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली, आणि ती चालवणारी संस्था आपल्या विद्यापीठाच्या आवारात आहे. स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास हे तिथलं एक मोठं काम. आमच्या बैठकीला भौतिकशास्त्राचा एक विद्यार्थी याच कव्हरचा टी-शर्ट घालून आला होता. तीन वर्षं तो शर्ट वापरत होता आणि त्यावर काय आहे हे त्याला विज्ञान दिनाला खोडदचं प्रदर्शन बघताना कळलं. तिथल्या फलकावर तसाच आलेख होता. तो सांगत होता तेव्हा त्याचा आवाज कापत होता. त्यानंतर आम्ही रेकॉर्ड लावली आणि पहिलं गाणं संपेपर्यंत कुणीही बोललं नाही.

परदेशी कव्हरांवर आपल्या देवदेवता असतात, त्याबद्दल काय वाटतं?

प्रत्येक कव्हरला वेगळं उत्तर द्यावं लागेल.

बीटल्सचं 'सार्जंट पेपर्स' (१९६७) घ्या. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या चित्रकार जोडप्याने माणसांएवढे पुठ्ठ्याचे पुतळे उभे करून ती गर्दी रचली. त्यात परमहंस योगानंद, युक्तेश्वर गिरी, लाहिरी महाशय आणि महावतार बाबाजी हे योगी आहेत. ही बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनची निवड, आणि त्याची श्रद्धा पुढे आयुष्यभर टिकली. खाली फुलांपाशी लक्ष्मीची छोटी मूर्तीही आहे. गांधीजींचाही पुतळा होता, पण भारतात लोक दुखावतील या धास्तीने कंपनीच्या प्रमुखांनी तो काढायला लावला. मूळ फोटोत गांधीजी आहेत, कव्हरवर नाहीत. आमच्याकडे येणारे बँकेतून निवृत्त झालेले काका ती जागा भिंगातून दाखवतात.

अमेरिकी गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह'ची गोष्ट मात्र खटकते. बाजारात मिळणाऱ्या विश्वरूपदर्शनाच्या छापील चित्रावर त्याचा आणि साथीदारांचा चेहरा चढवला. हेंड्रिक्सला स्वतःलाही ते पसंत नव्हतं. आपल्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं रक्त आहे, त्याचं काही यायला हवं होतं असं त्याचं म्हणणं होतं. रंग देखणे आहेत, पण ते चित्र ना त्याचं, ना त्याच्या गाण्याचं. त्या रेकॉर्डमधलं गिटार ऐकताना मला ते कव्हर उपडं ठेवावंसं वाटतं.

मराठी आणि हिंदी कव्हरं आणलेली चालतात ना?

चालतात काय, तीच जास्त यावीत अशी इच्छा आहे!

हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डींची कव्हरं बहुधा त्या चित्रपटाच्या जाहिरातीच्या चित्रांवरून बेतलेली असत. भिंतीवरच्या पोस्टरमध्ये जो ब्रशचा जोर, नायिकेच्या गालावरचा तो निळसर-गुलाबी फटकारा, तोच चौकोनात बसवलेला. ज्यांना हे मुळातून समजून घ्यायचं आहे त्यांनी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची माहिती काढावी. १९६४ पासून तिथे पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिका जपल्या आहेत.

शास्त्रीय गायनाच्या कव्हरांवर 'सगळी सारखीच, बुवांचा फोटो आणि नाव' अशी टीका होते. मला ती पटत नाही. फोटोत गायकाचा हात कुठे आहे ते बघा. डोळे मिटलेले आहेत की समोरच्या साथीदाराकडे बघताहेत? तंबोरा मांडीवर कसा टेकवला आहे? ज्यांनी तो गायक प्रत्यक्ष ऐकला आहे त्यांना त्या एका हातवाऱ्यावरून तान आठवते. पुण्यात तर ही नजर तयार आहे. सवाई गंधर्व महोत्सवात मांडलेल्या कलावंतांच्या छायाचित्रांपुढे मध्यंतरात किती गर्दी असते ते आठवा.

भावगीतांच्या ७ इंची ई.पी. हा माझा हळवा कोपरा आहे. चार गाणी, ४५ फेऱ्या आणि वीतभर कव्हर, बरेचदा दोनच रंगांत छापलेलं. कमी रंग म्हणून चित्रकार मोकळ्या जागेचा जो उपयोग करत, तो आजही शिकण्यासारखा आहे.

कव्हरच्या मागे काय बघायचं?

सगळं. पुष्कळ जण पुढचंच धरून बसतात.

आपल्या एच.एम.व्ही.च्या शास्त्रीय एल.पी.वर मागे राग, ताल, गायकाची परंपरा यांवर इंग्रजीत टिपण असायचं. ते वाचून कित्येकांचं राग-शिक्षण झालं. क्रमांकही बघा. ई.सी.एस.डी.ने सुरू होत असेल तर स्टीरिओ, ई.ए.एल.पी. किंवा ई.सी.एल.पी. असेल तर मोनो. छापलं कुठे तेही वाचा. पश्चिम बंगालमधलं डमडम हे नाव तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल, तिथे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता आणि बीटल्ससुद्धा भारतासाठी तिथेच छापले जात.

कॅसेट, सीडी, मोबाइलवरचं चित्र?

कॅसेट आणि सीडी आनंदाने आणा. एल.पी.च्या कव्हरपेक्षा सीडीचा कागद साधारण सातपट लहान, कॅसेटचा त्याच्याही निम्मा. पण आमच्या पिढीतल्या अनेकांचं पहिलं कव्हर कॅसेटचंच. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाउसमध्ये उभं राहून त्या घडीच्या कागदाची पानं उलगडून वाचलेली माणसं आजही भेटतात.

मोबाइलचं एवढंच सांगतो, चित्र पडद्यावर मोठं करून दाखवा, नखाएवढं नको.

जुनी कव्हरं पुण्यात कुठे मिळतील?

बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर जा. रिकामी कव्हरं आणि कव्हराविना रेकॉर्डी वेगवेगळ्या ढिगांत असतात. धीर धरला तर जोडी जमते. घरातल्या माळ्यावर आधी बघा, मात्र. नातेवाइकांना विचारा. घर पुनर्विकासाला जाताना या वस्तू पहिल्यांदा टाकल्या जातात, आणि अशा टाकलेल्या ढिगातून आमच्याकडे फार सुंदर कव्हरं आली आहेत.

पावसाळ्यात कव्हराला बुरशी येते. काय करू?

पुण्याच्या जुलै-ऑगस्टला यातून कुणीच सुटत नाही. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात कव्हरं ठेवू नका, ती भिंत ओल धरते. पाऊस उघडला की कपाट दुपारभर उघडं ठेवा. बुरशी दिसली तर आधी पूर्ण वाळू द्या, मग घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झटका. ओलं फडकं फिरवलं की डाग कागदात उतरतो, हे मी एक कव्हर कायमचं गमावून शिकलो. ते नाट्यगीतांचं होतं आणि मला अजून त्याची हळहळ वाटते.

रेकॉर्डी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की आतल्या तबकडीचा गोल वळ कव्हरवर उमटतो. दाब किती पडतो याचं उत्तम उदाहरण रोलिंग स्टोन्स या बँडच्या १९७१च्या 'स्टिकी फिंगर्स'चं. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलच्या कल्पनेने कव्हरवरच्या जीन्सला खरी धातूची चेन लावली होती. गठ्ठ्यात ती चेन शेजारच्या रेकॉर्डमध्ये रुतायला लागली. उपाय काय, तर चेन अर्धी उघडूनच माल पाठवायचा, म्हणजे ती मधल्या लेबलावर टेकेल आणि खाचा वाचतील.

आप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांना मिळतं ते चिकट वासाचं पीव्हीसी कव्हर घालू नका, ते काही वर्षांत कागदाला आणि छपाईला धरतं. साधी पॉलिथिनची पिशवी बरी. कडा उसवल्या असतील तर सेलोटेप नको, तो पिवळा पडून डाग सोडतो. आतल्या बाजूने पातळ कागदाची पट्टी खळीने लावा. खळ मात्र अगदी पातळ, नाहीतर कसर लागते.

फ्रेम करून भिंतीवर लावू का?

लावा, पण ऊन येणाऱ्या भिंतीवर नको, लाल रंग सर्वांत आधी उडतो. फ्रेमवाल्याला कव्हर चिकटवू देऊ नका. आणि मधूनमधून उतरवून हातात घ्या.

कव्हरवर पेनने नाव, तारीख लिहिलेली आहे. पुसता येईल का?

कृपा करून पुसू नका.

विकणारे म्हणतात, लिहिलेलं असलं की किंमत उतरते. उतरू दे. आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ हातोहात फिरलेलं कव्हर कुठल्याही थोर चित्रकाराचं नव्हतं. एका ताईंनी आणलेली भक्तिगीतांची साधी एल.पी. होती. कोपऱ्यात निळ्या शाईत त्यांच्या वडिलांची सही, खाली 'पहिल्या पगारातून' एवढेच शब्द आणि दुकानाचा अर्धवट उमटलेला शिक्का. मागच्या बाजूला एका गाण्यापुढे पेन्सिलीची फुली होती. वडील गेल्यानंतर तीन वर्षांनी ताईंनी ती फुली पाहिली. आम्ही तेच गाणं लावलं. ताई कव्हर मांडीवर धरून बसल्या होत्या आणि अंगठा त्या सहीवर होता.

कलेची काही माहिती नाही, तरी बोलता येईल का?

हो. पाच मिनिटं आहेत. पहिल्यांदा कधी पाहिलं, तेव्हा घरात कोण होतं आणि चित्रातल्या कुठल्या जागी नजर पुन्हा पुन्हा जाते, इतकं सांगा.

मी नेमकं कुठलं आणू?

ज्याचे कोपरे सर्वांत जास्त झिजले आहेत ते. आत रेकॉर्ड असेल तर तीही आणा, प्लेअरची सुई गेल्याच महिन्यात बदलली आहे. चप्पल जिन्यात डाव्या हाताला काढा, दार उघडंच असतं.